जुन्या कॅमेऱ्याचे न्याय्य मोल

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. कोणताही प्रसंग समोर आला, की तो आधी 'यात माझ्यावर दावा टिकेल काय?' असे स्वतःला विचारतो आणि उत्तर नकारार्थी आले, की स्वस्थ झोपतो. माझीही वीस वर्षांची झोप बहुतांशी अशीच झाली आहे. मागील वर्षी एका जुन्या कॅमेऱ्याने ती मोडली. त्या निमित्ताने मनात आलेले विचार वाचकांपुढे ठेवतो. कारण प्रश्न केवळ कॅमेऱ्याचा नाही, आपण सारेच रोज करीत असलेल्या देण्याघेण्याचा आहे.

बिदर जिल्ह्यात, बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर नावाचे गाव आहे. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा तेथील बाजारात कानी पडतात. त्या गावातील एका दिवंगत छायाचित्रकाराच्या वारसाहक्काचे काम मी पूर्वी पाहिले होते. पंचक्रोशीतील लग्ने, मुंजी, जावळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे चेहरे त्या गृहस्थांनी आयुष्यभर टिपले. त्यांच्यामागे स्टुडिओ बंद पडला. पुढे एकदा मी त्या घरी गेलो असता त्यांच्या पत्नीने (त्यांना मी मावशी म्हणतो) एक कातडी पेटी पुढे केली. आत दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहावयाचा रोलाइकॉर्ड कॅमेरा होता; जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथील फ्रांके आणि हाइडेके यांच्या कारखान्यात बनलेला.

मावशी म्हणाल्या, "आता हे कोण वापरतंय, वकीलसाहेब? नुसती अडगळ. दीड हजार द्या आणि घेऊन जा."

मी घासाघीस केली नाही. दीड हजार रुपये मोजले आणि आपण एका वृद्ध स्त्रीशी भाव केला नाही, याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. महिन्याभराने हैदराबादेतील एका जुन्या दुरुस्तीकाराला मी तो कॅमेरा दाखविला. त्याने शटर उघडझाप करून पाहिले, भिंगाआड दिव्याचा झोत धरला आणि निदान सांगितले: शटर मंद वेगांवर अडखळते, मागच्या भिंगाच्या कडेला बुरशीचा बारीक धागा आहे, बाकी यंत्र निकोप आहे. "आहे तसा मला द्या," तो म्हणाला, "पंधरा हजार आत्ता देतो. दुरुस्त करून मी पंचवीसपर्यंत विकीन."

हा भाव आला कोठून? या शतकाच्या आरंभी अंकीय कॅमेरे आले आणि फिल्मचे कॅमेरे मातीमोल झाले. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकसारख्या कंपनीने दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला. पण नंतरच्या काही वर्षांत तरुणांना फिल्मची ओढ पुन्हा लागली. असे कॅमेरे आता कारखान्यातून निघत नाहीत. जे आहेत ते मोडतात, बुरसतात आणि दरवर्षी थोडे कमी होतात. मागणी वाढली, वस्तू घटली, भाव चढला. मावशींनी घसरण डोळ्यांनी पाहिली होती. चढण त्यांच्या अंगणापर्यंत पोचलीच नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत विलक्षण स्पष्ट आहे. पंचविसाव्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की मोबदला अपुरा एवढ्याच कारणाने करार रद्दबातल होत नाही. हजार रुपयांचा घोडा कोणी राजीखुशीने दहा रुपयांस विकण्याचे कबूल केले, तरी तो करार करारच राहतो, असे उदाहरणही तेथे दिले आहे. सतराव्या कलमानुसार केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. दोघे व्यापारी सौदा करीत असता एकाला भावातील बदलाची खाजगी बातमी असली, तरी ती दुसऱ्याला सांगण्यास तो बांधलेला नाही. घोडे आणि व्यापारी यांच्या जागी कॅमेरा आणि मला ठेवा, की माझी सुटका झालीच.

परंतु त्याच कायद्याची आणखी दोन उदाहरणे मला सुखाने बसू देईनात. विकत घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर घोड्याचा दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. का? तर नात्यामुळे. आणि सोळावे कलम असे बजावते, की जेथे एक जण दुसऱ्याच्या विश्वासाचा धनी आहे, तेथे सौद्याकडे संशयाने पाहावे. मावशींचे वारसाचे कागद मी केले होते. 'येथे सही करा' असे म्हटल्यावर त्यांनी न वाचता सही केली होती. त्यांनी मला किंमत सांगितली ती बाजारातल्या गिऱ्हाइकाला नव्हे, आपल्या वकिलाला.

कागद पक्का असणे आणि व्यवहार न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तर त्या गावाचे नावच सांगते. कोहिनूर हिरा इंग्रजांनी १८४९ च्या लाहोरच्या तहान्वये घेतला. तहाला मान्यता देणारा दुलीपसिंह तेव्हा दहा वर्षांचा होता. कागदात उणे काही नव्हते. उणे होते ते दोन पक्षांच्या बरोबरीत.

याच तालुक्याच्या भूमीने न्यायाचा फार मोठा विचार केलेला आहे. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राज्यात (१०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' कल्याण नगरीत लिहिली. तेच आजचे बसवकल्याण. आपण ती दायभागासाठी ओळखतो. पण खरेदी-विक्रीची प्रकरणेही त्या स्मृतीत आहेत आणि ती आजही ताजी वाटतात. विकत घेतलेली वस्तू पारखण्यास तेथे मुदत दिली आहे: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. ज्या वस्तूचा दोष जितका उशिरा कळतो, तितकी मुदत मोठी. सदोष वस्तू निर्दोष म्हणून विकणाऱ्यास किमतीच्या दुप्पट दंड सांगितला आहे. आणि आडवेळी, एकांतात, नको त्या माणसाकडून, अगदी हलक्या किमतीत वस्तू घेणाऱ्याला स्मृती चोरच समजते. चोरीचे कॅमेरे कवडीमोलाने घेऊन 'मला काय ठाऊक?' म्हणणाऱ्यांना हे वचन आजही लागू पडेल.

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. दोष लपविणे वेगळे आणि मोल न सांगणे वेगळे. भिंगाला बुरशी लागली आहे हे ठाऊक असून जो ती पुसून, उजेडात न धरता विकतो, किंवा अंकीय कॅमेऱ्याचे शटर लाखवेळा उघडले असता 'फारसा वापरलेला नाही' म्हणतो, तो सरळ खोटा आहे. त्याच्याविषयी वाद संभवत नाही. वाद आहे तो खरेदीदाराच्या मौनाविषयी. वस्तू विकणाऱ्याची, तिचे मोल त्याला ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. मी बोलावे काय?

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन वकील सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्यांना नाही. त्याने सांगावे काय? डायोजेनिस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, माणसाने माणसाचे हित पाहावे, म्हणून सांगावे. सिसेरोचा कौल दुसऱ्या बाजूस आहे. त्याच ग्रंथात स्केव्होला नावाच्या गृहस्थाची गोष्ट येते. शेत विकत घेताना विकणाऱ्याने किंमत सांगितली. स्केव्होला म्हणाला, माझ्या मते हे शेत याहून अधिक मोलाचे आहे, आणि त्याने एक लाख नाणी वर दिली. सिसेरो नमूद करतो, की लोक त्याला सज्जन म्हणत, पण शहाणा म्हणावयास तयार नसत. आपल्याकडेही याहून निराळे काय घडते?

आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. ज्ञान हीही कमाई आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने वर्षानुवर्षे यंत्रे उघडून नजर कमावली. ती त्याने प्रत्येक विकणाऱ्यास फुकट वाटली, तर तो खाणार काय? शिवाय तो धोका पत्करतो, भांडवल अडकवतो, दुरुस्ती करतो. मनुस्मृतीने व्यापाराला 'सत्यानृत' असे नाव दिले आहे, ते उगाच नव्हे. हे सारे मान्य करूनही मला असे वाटते, की कमावलेला नफा आणि सापडलेला नफा यांत अंतर आहे. पंधरा हजारांस घेऊन, शटर खोलून, बुरशी काढून पंचवीस हजारांस विकणारा दुरुस्तीकार आपल्या हातांचे घेतो. दीड हजारांस घेऊन पंधरा हजारांस तशीच देणारा मी कशाचे घेत होतो? माझ्या बाजूला श्रम नव्हते, कसब नव्हते, धोकाही नव्हता. त्या साडेतेरा हजारांचा उगम एकच होता: मावशींचे अज्ञान, आणि माझ्यावरील त्यांचा विश्वास.

म्हणून न्याय्य मोलाची कसोटी मला अशी दिसते. वस्तू आज आहे त्या स्थितीत, तिची माहिती असलेला माणूस जे देईल आणि माहिती असलेला माणूस जे घेईल, ते तिचे मोल. त्याहून थोडे खालीवर होणे हा बाजार आहे. समोरच्याला काहीच ठाऊक नाही म्हणून दहापट खाली जाणे हा बाजार नव्हे. दोघे जाणते असतील, तर प्रत्येकाने आपले डोळे उघडे ठेवावेत. एक जाणता आणि दुसरा त्याच्यावर विसंबलेला असेल, तर जाणत्याच्या डोळ्यांवर दोघांचा हक्क आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या उग्र तपस्व्याला धर्म शिकण्यासाठी वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे जावे लागते. ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी जो हलला नाही, त्याने गुरू करावा तो तागडीवाला! तुलाधार सांगतो ते एवढेच, की आपली तागडी सर्व भूतांना सारखी आहे. ती तागडी देवळात नव्हती, दुकानात होती, हे आपण देवळात जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

मी कोहिनूरला परत गेलो. कॅमेरा मला हवा होता, म्हणून तो परत न करता साडेतेरा हजार रुपये मावशींपुढे ठेवले आणि हकीकत सांगितली. त्या बराच वेळ पैशांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दान आहे का, वकीलसाहेब? दान असेल तर नको."

मी म्हणालो, "दान नाही मावशी, बाकी आहे."

त्यांनी पैसे मोजून पदराला बांधले. नंतर शांतपणे विचारले, "त्या दिवशी तुम्हाला काहीच वाटलं नव्हतं का?"

साऱ्या वकिलीत मला असा उलटतपास कोणी घेतला नव्हता. नेमका भाव मला ठाऊक नव्हता, हे खरे. पण पेटी उघडताच ही वस्तू दीड हजारांची नाही, हे माझ्या मनाला स्पर्शून गेले होते. आणि अधिक विचारले तर अधिक द्यावे लागेल, म्हणून मी स्वतःलाच काही विचारले नाही. कायद्याला माहीत असणे आणि नसणे एवढे दोनच पक्ष सहसा पुरतात. माणसाच्या मनात तिसरा पक्ष असतो: माहीत करून न घेणे. बहुतेक अन्याय्य सौदे तेथेच होतात.

मी मावशींना 'वाटलं होतं' असे उत्तर दिले. त्यांनी मान हलविली आणि चहा ठेवावयास आत गेल्या.