दुखणे आणि दुखविणे



मंदिराची वार्षिक सभा असो किंवा सप्ताहाची सांगता असो, शेवटी आभार मानणारे गृहस्थ एक वाक्य हटकून उच्चारतात : "कळत-नकळत कोणाचे मन दुखावले गेले असल्यास क्षमा असावी." ऐकणारे माना डोलावतात आणि प्रसादाकडे वळतात. वाक्य नम्र आहे, यात शंका नाही. त्यात मन आहे, दुःख आहे, क्षमाही आहे. दुखविणारा तेवढा कोठे दिसत नाही. आजचे निरूपण त्या नाहीशा झालेल्या कर्त्याविषयी आहे.

'दुखणे' हे अकर्मक क्रियापद. गुडघा दुखतो, डोके दुखते. त्यासाठी दुसऱ्या कोणाचा हात लागावा लागत नाही. 'दुखावणे' हेही मुळात त्याच जातीचे. पायरी चुकली आणि पाय दुखावला, असे आपण म्हणतो. 'दुखविणे' मात्र प्रयोजक क्रियापद आहे. दुसऱ्यास दुखेल असे आपण केले, म्हणजे तेच वापरावे लागते. त्या एका 'वि'ने सगळा भार आपल्या माथ्यावर येतो, आणि म्हणूनच की काय, क्षमा मागताना आपण नेमके त्यालाच टाळतो.

हा भेद केवळ मराठीचा नव्हे. आपल्या बिदर-कलबुर्गी भागात एकाच ओसरीवर तीन भाषा नांदतात. कानडीत 'नोयु' म्हणजे दुखणे आणि 'नोयिसु' म्हणजे दुखविणे. दखनी बोलणाराही 'दुखना' आणि 'दुखाना' वेगळे ठेवतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद तत्कालीन म्हैसूर राज्यात राहिले. नकाशावर रेघ उमटली, सोयरिकी मात्र रेघ ओलांडून होतच राहिल्या. अशा घरांत शस्त्राने कोणी कोणास दुखवीत नाही. दुखविले जाते ते उच्चारावरून, शब्दाच्या लिंगावरून, माहेरच्या भाषेवरून.

याच भूमीत लाडवंती येथे 1817 साली श्रीमाणिकप्रभूंचा जन्म झाला आणि 1865 साली माणिकनगरी त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या संप्रदायाचे नावच 'सकलमत'. कोणत्याही मताची निंदा नाही, हा त्याचा आशय. प्रभूंनी पदे रचली तीही मराठीत, कानडीत आणि हिंदुस्थानीत. ज्याच्या त्याच्या भाषेत देवाला हाक मारणाऱ्या त्या सत्पुरुषाच्या छायेत राहून आपण परभाषेची थट्टा करावी, हे शोभत नाही.

गीतेच्या 17 व्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी उद्वेग न करणारे बोलणे आधी सांगितले आणि सत्य त्यामागून. 12 व्या अध्यायात तर भक्ताचे लक्षण दुहेरी आहे : त्याच्यापासून जगाला उद्वेग नाही आणि जगापासून त्याला नाही. म्हणजे दुखविणेही नाही आणि दुखावणेही नाही. आपण दुसरा अर्धा भाग लोकांना शिकवितो, "इतके मनाला काय लावून घेता?" असे म्हणतो, आणि पहिला अर्धा विसरतो.

मी स्वतः तो विसरलो होतो. माझ्या थोरल्या चुलत वहिनींचे माहेर चिंचोळीकडचे, कानडी. त्यांच्या भाषेत निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष हा भेद नाही. त्यामुळे त्या 'हा भाकरी' म्हणत, 'भात शिजली' म्हणत. एकदा भर पंक्तीत मी त्यांची नक्कल केली. सगळे हसले. पतंजलींनी हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे : केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली. त्या पंक्तीत निदान दोन प्रकार पुरेपूर झाले. त्यानंतर वहिनी माझ्यासमोर मराठी बोलेनाशा झाल्या. वाढताना हाताने खुणा करीत, नाहीतर मुलाकरवी विचारीत.

अनेक वर्षे लोटली. प्रवचने करू लागलो, अहिंसेवर तासतास बोलू लागलो, आणि एका दिवाळीस धीर करून म्हणालो, "वहिनी, माझ्याकडून कधी तुमचे मन दुखावले गेले असेल तर क्षमा करा."

त्यांनी परात बाजूला ठेवली आणि कानडीत विचारले, "नोयिसिदवरु यारु?" दुखविणारे कोण?

मी काही वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "मी. मी तुम्हांस दुखविले."

"आता तुमचे मराठी शुद्ध झाले, भावजी," त्या म्हणाल्या, आणि "हा भाकरी घ्या" म्हणून त्यांनी माझ्या पानात भाकरी वाढली.

॥ श्रीदत्तात्रेयार्पणमस्तु ॥