बैलगाड्या परत गेल्या

साताऱ्याच्या स्टँडवरून सांगलीची एसटी सुटली आणि भाचीनं खिडकीकडे तोंड करून मोबाइल काढला. सकाळी पंधराशे मीटरमध्ये ती चौथी आली होती. उंब्रजपर्यंत मी गप्प राहिलो. मग राहवलं नाही.

"ते आधी बंद कर. खेळणाऱ्या पोरीच्या हातात हे असूच नये."

"का, मामा?"

"आमच्या तालमीत वस्ताद खुराक मोजून द्यायचे. बदाम किती, दूध किती, तूप किती. मेहनतीपेक्षा खुराक जास्त झाला की अंगावर यायचा. कौतुक हाही खुराकच. पण तुझ्या मोबाइलवर तो मोजून देणारं कुणी नाही. आणि शिव्याही त्याच ताटात येतात."

"त्या खुराकाला पैसे कोण द्यायचं?"

"घरचे. कमी पडले तर गाव."

"मला स्पाइक्स हवेत. एक दुकानदार द्यायला तयार आहे, सरावाचे व्हिडिओ टाकत राहिले तर. पप्पांच्या पगारात ते बसत नाहीत, तुम्हाला माहीत आहे."

कराड आलं. मी खिडकीबाहेर बोट केलं. "त्या अंगाला गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. 1952, हेलसिंकी. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना कुठं रील टाकावं लागलं?"

ती हसली. "पण हेलसिंकीला ते गेले कसे, मामा? दारोदार वर्गणी मागून. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण टाकून 7 हजार दिले. लोकांपुढं उभं राहावं लागलंच ना? मीही दारच वाजवतेय."

माझंच उदाहरण माझ्यावर उलटलं होतं. कंडक्टर तिकिटं तपासून पुढं गेला, तेवढ्यात मला उत्तर सापडलं.

"त्या दारात माणूस उभा असायचा. नाही म्हणायचं तर त्याला तोंडावर म्हणावं लागायचं. 2022च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध आपल्या अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला, तर लोक त्याला देशद्रोही ठरवून मोकळे झाले. त्यातला एक तरी त्याच्यासमोर उभा राहून हे बोलला असता?"

"नसता. पण खेळाडूनं खातं बंद केलं म्हणून ते गप्प बसतात का? आपल्या सांगलीचंच बघा. नोव्हेंबर 2025मध्ये स्मृती मानधनाच्या संघानं विश्वचषक जिंकला. त्याच महिन्यात तिचं लग्न ऐनवेळी पुढं ढकललं, आणि पुढचे दोन आठवडे तिच्या घरात काय चाललंय ते तिच्यापेक्षा लोकांनाच जास्त ठाऊक! शेवटी 7 डिसेंबरला तिनंच इन्स्टाग्रामवर लिहिलं, लग्न होणार नाही, आम्हाला आमचा वेळ द्या. खातं नसतं तर तिच्या वतीनं कुणीही काहीही बोलत राहिलं असतं."

"घरातली गोष्ट तिला जगाला सांगावी लागली, हेच मला खुपतं."

"मलाही. पण त्याच महिन्यात तिनं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या 10 हजार धावाही पूर्ण केल्या."

"त्या मैदानात केल्या, मोबाइलवर नाही."

"बरं, मग मधला रस्ता धरू. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स प्लेऑफ सुरू झाले की सोशल मीडिया बंद ठेवायचा. एरवी चालू."

"त्याला बुटांची चिंता नव्हती गं. तू महिनाभर दिसली नाहीस तर तुझा दुकानदार दुसरी पोरगी बघेल."

आता ती गप्प झाली. तिला हरवायचं माझ्या मनात नव्हतं. म्हणून मनातलं सांगून टाकलं.

"खाशाबा पदक घेऊन आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, हलगी, सगळं. पण संध्याकाळी बैल सोडले, गाड्या आपापल्या गावी परत गेल्या, सकाळी शेतातली कामं सुरू. खाशाबा घरात एकटे झोपू शकले. तुझी मिरवणूक तुझ्या उशाशी झोपते. तू हरलीस तरी उठत नाही. मला भीती लोकांची नाही. ते परत जात नाहीत, याची आहे."

बराच वेळ ती बाहेर बघत होती. ऊस मागं पळत होता.

"गाड्या परत गेल्या," ती म्हणाली, "आणि लोकही विसरले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो खाशाबा गेल्यावर. त्यांना शांतता मिळाली हे खरं. पण तिची किंमत कुणी भरली?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गर्दी थांबली तर झोप लागत नाही, गेली तर माणूस विस्मरणात जातो. खेळणाऱ्यानं यातलं काय निवडावं, हे सतरा वर्षांच्या पोरीला सांगणारा मी कोण?

पेठ नाका मागं पडला. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मामा, मी माझं काही बघत नव्हते. हे बघत होते."

माझंच स्टेटस होतं. सकाळी शर्यत संपल्या संपल्या मी टाकलेला व्हिडिओ: गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणारी ती, खाली माझ्या हातचं, 'चौथी आली, पण वाघीण आहे!' तोच व्हिडिओ मी नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकला होता. तिथं कुणीतरी लिहिलं होतं, 'पळणं बास झालं, आता स्थळं बघा.' त्याखाली हसणारे चेहरे.

"माझं खातं मी आत्ता बंद करीन," ती म्हणाली. "तुमच्या स्टेटसवरून मी कशी उतरू?"

खुराक मोजणारा वस्ताद व्हायला निघालो होतो मी. आणि आजचा पहिला घास न मोजता मीच वाढला होता.

"काढून टाकू?"

"आता काय उपयोग? सगळ्यांनी बघितलंय." मग थोड्या वेळानं, "पुढच्या वेळी टाकायच्या आधी मला विचारा."

"आणि तू नको म्हणालीस तर?"

"तर नुसते बघायला या."