समूहगानातील मौन

समूहगानात ज्याचा सूर लागत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न वरवर संगीताचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. आमच्या धंतोलीत स्नेहसंमेलनांचे दिवस आले म्हणजे तालमींचे सूर रस्त्यावर ऐकू येतात. अशा तालमींत एखाद्या मुलास हळूच सांगितले जाते, 'तू नुसते ओठ हलव.' सांगणाऱ्याचा हेतू दुष्ट नसतो. गाणे बिघडू नये आणि मुलाला खालीही उतरवावे लागू नये, अशी ही दुहेरी सोय आहे. परंतु जे सोयीचे ते न्यायाचे असतेच असे नाही.

'ग्ली' ही शालेय गायकवृंदावरील अमेरिकन दूरदर्शन-मालिका २००९ ते २०१५ या काळात चालली. तिच्या नोव्हेंबर २००९ मधील एका भागात कर्ट नावाचा मुलगा, एरवी स्त्रीने गावयाचे गीत आपणास मिळावे असा आग्रह धरतो. मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करणारे त्याचे वडील मुख्याध्यापकांपुढे त्याची बाजू मांडतात आणि त्या गीतासाठी चाचणी ठरते. इतक्यात वडिलांना मुलाविषयी गलिच्छ बोलणारा निनावी दूरध्वनी येतो. त्यांची आणखी विटंबना होऊ नये म्हणून कर्ट चाचणीत उंच स्वर मुद्दाम चुकवितो, आणि मागाहून वडिलांना तसे सांगतोही.

कर्टनेही सूर गिळलाच. मग त्याचे मौन आम्हांस उदात्त का वाटते, आणि ओठ हलविणाऱ्या मुलाचे का बोचते? जे आपल्या हाती आहे त्याचाच त्याग करता येतो. कर्टपाशी सूर होता. तो त्याने स्वेच्छेने सोडला. त्याला तसे करावयास लावणारा समाज अर्थातच निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या मुलास मात्र सूर सापडण्यापूर्वीच तो शोधण्याची मनाई होते, आणि वर 'आम्ही गात आहो' असे भासविण्याची दीक्षा मिळते.

मग गाणे बेसूर होऊ द्यावे काय? मुळीच नाही, श्रोत्यांचाही काही हक्क आहे. परंतु ज्यांस स्वरभेद उपजतच कळत नाही अशी माणसे शंभरांत फार थोडी. इतरांचे बहुधा ऐकण्याच्या सवयीपाशी अडते. अशा मुलास दोन सुरेल गळ्यांमध्ये उभे करावे, त्याला झेपेल ती पट्टी शोधावी, धीर धरावा. विदर्भास हे अपरिचित नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव नेलेल्या सामुदायिक प्रार्थनेत बसण्यासाठी कोणालाही गळ्याची परीक्षा द्यावी लागत नाही.

प्रार्थना आणि रंगमंच एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. स्पर्धेसाठी निवड अवश्य करावी, आणि न निवडलेल्यास तसे प्रेमाने पण स्पष्ट सांगावे. निवड करणे अन्याय नव्हे. निवडल्याचे भासवून मुके करणे हा अन्याय होय. चुकलेला सूर उद्या सुधारेल. परंतु ओठ हलवून वेळ निभावण्यास जे मूल शिकले, ते मोठेपणी सभेत, कचेरीत आणि घरातही तेच करील; आणि आपले मत काय, असे कोणी विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसेल.