टपटप गळणारा नळ



गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मगुरुनिवासाच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. आम्ही काय केले? आपल्यापैकी बहुतेक जण करतात तेच. नळाखाली बालदी ठेवली आणि मूठ जोर लावून आवळली. दोन दिवस नळ गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा टपटप. आम्ही आणखी जोर लावला. असे करता करता एके सकाळी मूठच फुटून हातात आली. मग दुकानात जाऊन चकचकीत नवी मूठ आणली आणि बसवली. नळ देखणा दिसू लागला, पण गळती जशीच्या तशी!

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. ॲरिस्टॉटलने सांगितलेली चार कारणे आम्हाला तोंडपाठ होती. पण नळ कोणत्या कारणाने गळतो, हे ठाऊक नव्हते.

शेवटी पहाटेच्या मिस्सेला नियमित येणारे एक वयस्कर काका मदतीला आले. त्यांनी सारे आयुष्य नळकामात घालवले आहे. नवी मूठ पाहून ते हसले आणि म्हणाले, "फादर, मूठ नुसती फिरवायला असते. पाणी अडवणारा आत बसलाय. तो झिजलाय. तुम्ही बाहेरून कितीही आवळा, तो बिचारा काय करणार?"

त्या दिवशी काकांनी आमच्याकडून ते काम करवून घेतले. स्वतः हात लावला नाही. आज ते काम आम्ही तुम्हालाही सांगणार आहोत, कारण ते घरच्या घरी जमण्यासारखे आहे आणि त्यात एक प्रवचनही दडलेले आहे.

प्रथम टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करावा आणि नळ उघडून पाइपातले उरलेले पाणी जाऊ द्यावे. मोरीच्या जाळीवर फडका टाकावा, नाहीतर लहानसा स्क्रू हमखास आत जातो. मुठीवरचे लाल-निळे टोपण काढले की खाली स्क्रू दिसतो. तो सोडवून मूठ वर ओढावी. आत पितळेचा स्पिंडल असतो. पाना लावून तो डावीकडे फिरवला की आट्यांतून सुटतो. मात्र दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरावा, नाहीतर भिंतीतला जोड पिळवटतो आणि दहा रुपयांच्या कामाचे भिंत फोडण्याचे काम होते.

जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडलच्या टोकाला रबराचा वॉशर असतो. आपण मूठ फिरवतो तेव्हा तो खाली जाऊन पितळेच्या गोल कडेवर बसतो आणि पाणी अडवतो. रबर कडक झाले, चिरले, की गळती सुरू. तेवढा वॉशर बदलला की बहुतेक वेळा काम होते. नव्या, अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत रबराऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यामध्ये रेतीचा कण अडकला की ओरखडा पडतो. तिथे आख्खा स्पिंडलच बदलावा लागतो. जुना स्पिंडल दुकानात सोबत न्यावा, कारण लांबी आणि वरचे दाते जुळले नाहीत तर मूठ बसत नाही. पाणी तोटीतून न गळता मुठीच्या बुडाशी झिरपत असेल, तर दोष तिथल्या गोल रबरी कड्याचा किंवा पॅकिंगचा असतो. नवा स्पिंडल बसवताना तो अर्धा उघडा ठेवावा, आटे हाताने नीट लागू द्यावेत आणि मगच पाना लावावा. शेवटी वरचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडावा.

काम संपल्यावर आम्ही सवयीने नळ करकचून बंद केला. काकांनी हात धरला. "फादर, पुन्हा तेच! नवा वॉशर आहे. दोन बोटांनी बंद होतो. जोर लावाल तर तोही लवकर कापला जाईल."

प्रिय बंधुभगिनींनो, त्या रात्री स्वयंपाकघर शांत होते आणि आम्ही जागे होतो. आपल्या आध्यात्मिक जीवनात आपण किती वेळा नुसती मूठ बदलतो! उपवासकाळ आला की मांसाहार सोडतो, दारू सोडतो, दाराला नवा क्रूस लावतो. हे सारे चांगलेच आहे. पण जीभ आत झिजलेलीच राहते, राग आत चिरलेलाच राहतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना हेच बजावतो की, प्याला आधी आतून स्वच्छ करा. बाहेरची बाजू मग आपोआप स्वच्छ होईल.

दुसरी गोष्ट जोराची. "आजपासून मी रागावणारच नाही", "आजपासून बाटलीला हात लावणार नाही", असा निश्चय आपण दात-ओठ खाऊन करतो. दोन दिवस थेंब थांबतो. तिसऱ्या दिवशी गळती पहिल्यापेक्षा वाढते आणि आपण निराश होतो. जे झिजले आहे ते जोराने दुरुस्त होत नाही, ते बदलावे लागते. बदलण्यासाठी ते उघडावे लागते आणि उघडण्याआधी वरचा प्रवाह क्षणभर थांबवावा लागतो. पापनिवेदनाच्या संस्कारात हेच घडते. आपण थोडे थांबतो, स्वतःला उघडतो आणि झिजलेले ते प्रभूच्या हाती देतो. नवे आपण घडवत नाही, ते त्याच्या कृपेने मिळते.

तिसरी गोष्ट आम्हाला काकांनी बॅटरीच्या उजेडात दाखवली. ज्या पितळी कडेवर वॉशर बसतो, त्या कडेलाच कधी कधी खाच पडलेली असते. अशा नळात कितीही नवे वॉशर घाला, महिन्याभरात कापले जातात. आधी ती कड घासून सपाट करावी लागते. अनेक जण आम्हाला विचारतात, "फादर, दर महिन्याला तेच पाप घेऊन येतो. क्षमा खरी असेल, तर असे का होते?" क्षमा खरीच असते. वॉशर नवाच असतो. पण खाच तशीच राहिलेली असते. कोणत्या मित्राबरोबर बसल्यावर ग्लास भरला जातो? कोणत्या शेजारणीच्या ओट्यावर निंदेला सुरुवात होते? कोणत्या जुन्या अपमानाची आठवण आपण मुद्दाम जपून ठेवली आहे? ती जागा सपाट केल्याशिवाय कृपेला नीट बसायला जागा मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, "फादर, एका थेंबाचे एवढे काय?" थोडे गणित करू या. सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जाते आणि वर्षाला सुमारे १,५७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर शंभराहून अधिक हंडे! आणि आपल्या नळाचे थेंब मोठे असतील, तर हिशोब आणखी वाढेल. विश्वास बसत नसेल, तर आज रात्री नळाखाली पातेले ठेवून सकाळी मोजून पाहा.

आपल्या वसईत पाण्याचे मोल कुणी शिकवावे लागू नये. ज्यांचे केस आज पांढरे झाले आहेत, त्यांनी रहाटाने ओढलेले विहिरीचे पाणी प्यायले आहे, बावखलांच्या काठी खेळले आहेत. टँकरवाल्यांनी पाणी उपसायला सुरुवात केल्यावर विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा ह्याच भूमीत हरित वसईची चळवळ उभी राहिली. २०२४ साली देवाघरी गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या चळवळीच्या अग्रभागी होते. आज सूर्या धरणाचे पाणी नळाने आपल्या मोरीत येते. पण आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, उन्हाळ्यात आयाबहिणी हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात आणि चढतात. त्यांच्या हंड्याशी आपल्या थेंबाचे काहीच नाते नाही, असे आपण प्रभूसमोर म्हणू शकतो का?

असिसीच्या संत फ्रान्सिसने सुमारे १२२५ साली रचलेल्या आपल्या स्तोत्रात पाण्याला बहीण म्हटले आहे. त्याच स्तोत्राच्या शब्दांवरून पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकाला 'लाउदातो सी' हे नाव दिले. त्यात त्यांनी पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला आहे आणि पाणी जपून वापरण्यासारख्या घरातल्या लहान कृतींनाही मोल दिले आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते. ज्याला भाकरीची वाण नव्हती, त्यालाही तुकडा वाया गेलेला चालला नाही.

आता एक गोष्ट, जी सांगताना आम्हाला लाज वाटते. ती आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातली आहे. नावगाव सांगत नाही. वडिलांमागे दोन भावांची वाटणी झाली आणि बोलणे बंद झाले. टाकी सामाईक. तिचा व्हॉल्व्ह थोरल्याच्या गच्चीवर, अंगणातला नळ धाकट्याच्या वाट्याला. तो नळ गळत होता. म्हातारी आई ओटीवर झोपायची. थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून ती पातेल्यात फडका घालून ते नळाखाली ठेवायची आणि सकाळी ते पाणी मोगऱ्याला घालायची.

ईस्टरनंतर घरांना आशीर्वाद द्यायला आम्ही तिथे गेलो. आई म्हणाली, "फादर, त्या नळाचं काहीतरी करा हो." आम्ही धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "व्हॉल्व्ह दादाकडे आहे." थोरल्याला विचारले. तो म्हणाला, "नळ त्याच्याकडे आहे." आम्हाला अजून सात घरे करायची होती. आम्ही दोन्ही दारांवर पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली आणि गळणाऱ्या पाण्याजवळून तसेच पुढे निघालो. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातला याजक असाच बाजूने निघून गेला होता. त्या पावसाळ्यात ती माउली वारली.

महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. धाकटा पाना घेऊन नळाजवळ बसला होता. पाणी बंद केल्याशिवाय स्पिंडल काढता येत नव्हता. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. मग मान वर न करता हाक मारली, "दादा, बंद कर." वरून आवाज आला, "केला." थोड्या वेळाने, "सोड." आणि पुन्हा वरून, "सोडला."

त्यांचा हद्दीचा वाद मिटला, असे आम्ही सांगणार नाही. पण त्या चार वाक्यांसाठी त्यांची आई डोळे लावून बसली होती आणि ती ऐकायला ती नव्हती. आम्ही त्या वसंतात अर्धा तास थांबलो असतो, तर कदाचित तिने ती ऐकली असती. हा आमचा थेंब आहे आणि तो आम्ही प्रभूपुढे ठेवला आहे.

नीतिसूत्रांच्या ग्रंथात कटकटीच्या माणसाची तुलना पावसाळ्यात सतत टपटपणाऱ्या गळतीशी केली आहे. तिथे उल्लेख बायकोचा आहे म्हणून पुरुषमंडळी ते वचन हसत हसत सांगतात. पण गळती काय, कुणाच्याही तोंडून होते. उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे की, हात स्वस्थ बसले की घर गळू लागते. घर एका दिवसात कोसळत नाही. ज्या थेंबाची सवय होते, तो घर पोखरतो.

म्हणून ह्या आठवड्यात दोन कामे करू या. घरातला एक नळ तपासू या आणि गळत असेल, तर मुलांना सोबत घेऊन स्वतः दुरुस्त करू या. ॲरिस्टॉटल म्हणत असे की बांधकाम करत करतच माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागत वागतच न्यायी होतो. प्रेमाचेही तसेच आहे, ते हातांनी शिकायचे असते. दुसरे काम, एका माणसाला हाक मारू या. ज्याच्याकडे व्हॉल्व्ह आहे आणि आपल्याकडे नळ आहे, अशा माणसाला. मोठे बोलणे नको. "दादा, जरा बंद कर" एवढे पुरे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमचे काका सभागृहात नळाचे काम करून दाखवणार आहेत. युवकांनी अवश्य यावे. आपल्या धर्मग्रामात एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आणि विधवा भगिनींच्या घरी कुठे नळ गळत असेल, तर कार्यालयात कळवावे. त्यांच्या घरी जाऊन ते काम आपण करू या. ह्या वेळी आम्हीही पाना घेऊन सोबत असू.

याकोबाच्या विहिरीवर तहानलेल्या शोमरोनी स्त्रीला जिवंत पाणी देऊ करणारा प्रभू तुमच्या घरातले पाणी, शब्द आणि प्रेम राखो, आणि तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.

तुमचे धर्मगुरू