खात्याचे नामांतर

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी लग्न होऊन आलेली मुलगी माहेरून आणलेला संगणक उघडते, सेटिंगमध्ये जाऊन खात्यावरचे माहेरचे नाव काढून सासरचे नाव घालते, आणि पडद्यावर नवे नाव उमटले तरी ‘युजर्स’ या फोल्डरच्या आत तिचे घर जुन्याच नावाने नांदत राहते. कारण खाते प्रथम उघडले त्या दिवशी विंडोजने त्या घराला जे नाव दिले, ते वरचे नाव बदलल्याने बदलत नाही. तेही बदलायचे तर आपल्या खात्यातून बाहेर पडून ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्याने आत यावे लागते, कारण ज्या घरात आपण बसलो आहोत त्याचे नाव यंत्र आपल्याला बदलू देत नाही. फोल्डरचे नाव बदलून झाले, की रजिस्ट्री नावाच्या दप्तरातल्या ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये त्या खात्याच्या लांबलचक अंकाखाली घराचा जो पत्ता लिहिलेला असतो, तोही दुरुस्त करावा लागतो. ही दुसरी नोंद राहून गेली, तर पुढच्या वेळी यंत्र जुन्या पत्त्यावर घर शोधते, ते न सापडल्यामुळे तात्पुरते प्रोफाइल उघडते आणि पुढ्यात रिकामा डेस्कटॉप येतो. छायाचित्रे, दाखले, भरलेले अर्ज सारे जागच्या जागी शाबूत असूनही मालकीण स्वतःच्या घराला पारखी होते.

या सर्व फेरफारात मालकीण ‘तीच’ राहिली, असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? एस-१-५-२१ ने सुरू होणारा तो अंक मात्र नाव बदलले तरी बदलत नाही, फाइलींवरचा हक्कही यंत्र त्या अंकाच्याच नावे मांडते; तेव्हा नामरूपाच्या पलीकडचे अविकारी तत्त्व येथे गवसले, असे वेदान्ताच्या संस्कारात वाढलेल्या मनाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विंडोज नव्याने घालून तेच खाते पुन्हा उघडले की अंकही नवा मिळतो, आणि जुन्या फाइली जपून ठेवणारी ती मुलगी मात्र तीच असते. अंक हेही एक नावच. ते माणसाने न ठेवता यंत्राने ठेवले, एवढाच भेद.

नाव जपण्याची ओढ मात्र जुनीच आहे. याच भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले, आणि तेथील दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आढळली. ज्या धर्माने ‘मी’ नावाची स्थिर वस्तू नाकारली, त्याच धर्माच्या उपासकांनी आपले नाव दगडावर कोरून ठेवावे, यात मला विसंगती दिसत नाही. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि एकेक अवयव पाहून झाल्यावर रथ हा केवळ व्यवहारासाठी ठेवलेला शब्द उरतो. नागसेनाचा हा निर्णय मला मान्य आहे. पण ‘केवळ व्यवहार’ म्हणून नावाला हलके लेखणे मात्र मान्य नाही. कारण व्यवहाराचा आश्रय घेतल्यावाचून परमार्थ सांगताच येत नाही, असे शून्यवादाचा प्रवर्तक नागार्जुन स्वतःच बजावतो.

हा व्यवहार किती खोल रुजतो, याचा दाखला याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९४९ साली गोंदियात जन्मलेला आणि आयुष्यभर तेथेच राहिलेला गृहस्थ मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्मला, १९५० नंतर मध्य प्रदेशात, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात राहू लागला, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाल्यावर त्याचा जिल्हाही बदलला. घराची वीटसुद्धा हलली नाही, पण त्याच्या जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा भंडारा’ राहिले. तो मजकूर खोटा नव्हे. ज्या दिवशी लिहिला त्या दिवशीचे ते सत्य होते, आणि नव्या कागदाने जुन्या कागदाशी नाते सांगितले तरच मालकी अखंड राहते.

म्हणून ज्याचे नाव तोच काय तो त्याचा धनी, हे मत मला अपुरे वाटते. नाव पुकारणारे अनेक असतात. संगणकात हे उघड दिसते: एखाद्या प्रोग्रॅमने, शॉर्टकटने किंवा छपाईच्या जुन्या आज्ञावलीने जुना पत्ता लिहून ठेवलेला असतो, आणि नामांतरानंतरही ती बिचारी त्याच पत्त्यावर हाका मारत राहतात. जाणता कारागीर म्हणूनच जुन्या नावाचा एक दुवा नव्या घराकडे वळवून ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेली हाक नव्या घरी पोचते. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असे आपला कायदा सांगत नाही. तिने ते स्वेच्छेने बदलले, तर तिच्या शाळेच्या दाखल्यावरचे, पहिल्या बक्षिसावरचे आणि मैत्रिणींच्या तोंडचे नाव पुसून टाकण्याचा अधिकार सासरला मिळत नाही, आणि तिने ते बदलले नाही, तर घराचे काही उणे होत नाही. तिच्या संगणकातल्या फोल्डरचे नाव बदलावे की ठेवावे, हेही तिलाच विचारून ठरवावे.