विटाळ आणि तपासणी

विटाळ, म्हणजे पाळीच्या रक्तामुळे येते असे मानलेले अपावित्र्य, स्मृतिग्रंथांनी तीन रात्रींचे ठरवले. चौदाव्या शतकात चोखामेळ्यांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी मात्र, देहच विटाळातून घडत असेल तर सोवळा कोण, असा प्रश्न अभंगातून विचारून या कल्पनेचा तार्किक पायाच काढून घेतला. तरीही पाळीत ‘बाहेर’ बसलेली मुलगी कळा येऊ लागल्या की ओवा चावून गप्प राहते, आणि अविवाहितेला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे तिच्या शीलावर शंका घेणे, असे घरात (बहुधा शेजाऱ्यांच्या धाकाने) धरून चालतात. वस्तुतः किशोरवयात आंतरतपासणी, म्हणजे योनिमार्गातून करावयाची तपासणी, सहसा लागतच नाही. पाळीविषयी नीट विचारपूस आणि गरज पडल्यास पोटावरून सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेकदा भागते.