लक्ष हे कुणाचे देणे?

मन चंचल आहे, ही तक्रार नवी नाही. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या पुस्तकात तिची प्रांजळ कबुली दिली आहे. कुत्रा सशाचा पाठलाग करतो तो खेळ पाहण्यास ते रिंगणात जात नसत. परंतु रानातून जाताना तेच दृश्य दिसले, तर गहन चिंतनातूनही मन तिकडे ओढले जाई. घरी माश्या टिपणारी पाल किंवा त्यांना जाळ्यात गुरफटवणारा कोळीही त्यांचे लक्ष वेधून घेई. त्या थोर चिंतकाला भिंतीवरची पाल पुरली. आपल्या तर तळहातावर मोबाइल आहे.

मग लक्ष उडणे हे पाप मानावे काय? ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात प्रार्थनेतील व्यत्ययांविषयी सुज्ञ मार्गदर्शन आहे. त्यांच्या पाठीस लागणे म्हणजे त्यांच्याच सापळ्यात सापडणे. आपण केवळ अंतःकरणाकडे परत यावे. मन जिकडे पळते तिकडे आपली आसक्ती दडलेली असते, हेही त्यातून उमगते. रोझरीच्या वेळी मुलाच्या परीक्षेचा वा शेजाऱ्याच्या नव्या बंगल्याचा विचार आला, तर तेवढे ओळखून पुन्हा मण्यावर यावे.

परंतु एकाग्रता म्हणजेच पुण्य, असे समजणेही योग्य नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. रस्त्यावर पडलेला जखमी माणूस याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला आणि शोमरोन्यानेही पाहिला. पहिले दोघे बाजूने निघून गेले. त्यांची वाट ढळली नाही. शोमरोनी मात्र प्रवास अर्धवट टाकून थांबला. तेल, द्राक्षारस, दोन नाणी आणि वेळ, सारे त्याने एका अनोळखी माणसासाठी वेचले. लौकिक अर्थाने पाहता विचलित झाला तो शोमरोनीच!

तेव्हा नजर हलली की नाही, यापेक्षा ती कुणाला सोडून कुणाकडे वळली, हे तपासावे. रोझरी चालू असताना आजारी शेजाऱ्याची हाक आली आणि आपण उठलो, तर प्रार्थना मोडत नाही. ती पुढे चालते. उलट मूल शाळेतली गोष्ट सांगत असताना आपण पडद्यावरून डोळे न काढता नुसते ‘हं’ म्हणतो, तेव्हा त्याचे काहीतरी आपण हिरावून घेतो. दोन-चार वेळा असे झाले की मूल सांगणेच सोडून देते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी आजीही एक दिवस गप्प होते. त्या शांततेला आपण घरातली शांतता समजतो.

शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा आरंभ त्याच्याकडे पाहण्यात आहे. लक्ष देणे हे उपकार नव्हेत. ते समोरच्या माणसाचे आपल्याकडचे देणे आहे. मन भरकटेलच. भरकटल्याचे ध्यानात येताच, बोलणाऱ्याला क्षमा मागून ‘पुन्हा सांग’ म्हणण्याइतकी नम्रता आपल्या घराघरांत नांदो.